एक दिवस, तीन तास, बावीस मिनिटं

तारीख २५ मार्च २०२५, वार मंगळवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. वस्तू — एक राउटर, किंमत १,७५० रुपये, बिल माझ्याकडं आहे. हजर माणसं दोन — मी, आणि ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे मलकप्पा. हे सगळं आधीच लिहून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात हातात धरावं असं एवढंच आहे.

मंडळी, या धाग्यावरचे अमानवीय अनुभव मी गेली चार-पाच वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. मी साखर कारखान्याच्या अकाउंट्स विभागात नोकरी करतो, वय त्रेपन्न. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मी त्याच्यावरून स्कूटर नेतो. आकडा जुळत नसेल तर चूक आपली असते आणि शोधली की सापडते, हे तीस वर्षांत शिकलो. तेव्हा मी इथं काही लिहीन असं मला कधी वाटलं नव्हतं... पण हा एक आकडा जुळतोय, आणि जुळायला नको होता.

आधी घरचं सांगतो. आमचं घर सोलापुरात, पूर्व भागात. पुढं अंगण, मागं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथं माझी आई एकटी राहते. आम्ही तिला अव्वा म्हणतो — तिचं माहेर अक्कलकोटकडचं, घरात निम्मं कानडी. वय शहात्तर, डायबेटिस आहे, बाकी खणखणीत. मी आणि बायको श्रीपूरला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, एसटीनं अडीच ते तीन तास. मुलगी पुण्यात.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली. ते जॉबर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — पॉवरलूमच्या कारखान्यात माग बिघडला की दुरुस्त करणारा, मागाची नस ओळखणारा माणूस म्हणजे जॉबर. अप्पांच्या हाताखाली चोवीस माग होते. शाळेतून आलो की मी त्यांचा डबा घेऊन जायचो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. आमच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना मागच माग. दिवसभर अशी खटखट असायची की बायका दारात उभ्या राहून बोलायच्या त्या खाणाखुणांनीच. आणि जेवणाची सुट्टी झाली की एकेक शेड बंद पडत जायचं. आधी कोपऱ्यावरचं, मग मधलं, मग अप्पांचं. ती जी शांतता पसरायची ना... कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. मग हळूहळू चिमण्या ऐकू यायच्या.

अप्पा डब्याला हात लावायच्या आधी सगळ्या मोटारींवरून एक फेरी मारायचे. प्रत्येक मोटारीला हाताची उलटी बाजू टेकवायची — तळवा नाही, उलटी बाजू. "तळवा लावला अन् करंट आला तर हात तितंच चिकटतो," असं सांगायचे. पोराचा ताप बघावा तसं बघायचे. एखादी जास्तच तापलेली असली तर तिच्याशी कानडीत बोलायचे, "साकु, साकु." म्हणजे पुरे, पुरे. ती मोटार सुट्टी संपल्यावरही दहा मिनिटं उशिरानं सुरू व्हायची, मालक काहीही म्हणो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे राउटर.

दोन वर्षांपूर्वी घरी इंटरनेट घेतलं. पुण्याहून नातीचे व्हिडिओ कॉल आणि टीव्हीवर प्रवचनं, एवढाच वापर. मी आधी कॅमेरा बसवायचं म्हणत होतो. अव्वा म्हणाली, "मी काय सोनाराचं दुकान हाय व्हय? लाव तू कॅमेरा, मी त्याच्यावर टावेल टाकते." विषय संपला.

राउटर बसवल्यावर आठच दिवसांत मुलीचा फोन आला, की दुपारी आजीचं नेट बंद असतं. चौकशी केली. तर अव्वा रोज बाराच्या सुमाराला राउटरला हाताची उलटी बाजू लावून बघायची, मागचं बटण दाबून बंद करायची, जेवायची, भांडी घासायची आणि मग पुन्हा चालू करायची.

"अव्वा, ते चोवीस तास चालू ठेवायचं असतं."

"तापतंय की ते. दम घेऊ दे की जरा."

"मोटार आहे का ती?"

"मग काय हाय? करंटवर चालतंय न्हवं? तुझा अप्पा असता तर त्यानं बी हेच केलं असतं."

आता राउटरला आतून एक पान असतं. त्याच्यात सेटिंग असतात, घरातली कुठली यंत्रं जोडलेली आहेत ते दिसतं. ते पान घरात बसून उघडता येतं. पण एक सेटिंग चालू केलं आणि केबलवाल्याकडून कायमचा पत्ता — स्टॅटिक आयपी — घेतला, तर तेच पान बाहेरगावाहूनही उघडतं. महिना दोनशे रुपये जास्त. अव्वाचं नेट अडलं तर इथूनच बघता यावं म्हणून मी ते करून घेतलं, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याचा बुकमार्क करून ठेवला.

त्या पानावर अगदी वर एक आकडा असतो. राउटर किती वेळ सलग चालू आहे, तो. दिवस, तास, मिनिटं. बंद करून चालू केलं की शून्यापासून. वीज गेली तर आकडा मोडू नये म्हणून मी राउटरला छोटा यूपीएसही लावला होता, म्हणजे आकडा शून्य करणारं घरात एकच — अव्वाचं बोट.

एक दिवस दुपारी दोनला मी ते पान उघडलं. आकडा होता एक तास चार मिनिटं. माझ्या डोळ्यांपुढं सगळं आलं. अव्वा उठली, राउटरला हात लावून बघितला, बंद केला, जेवली, भांडी घासली, आणि बारा छप्पन्नला पुन्हा बटण दाबलं. म्हणजे ठीक आहे. कॅमेऱ्याची गरजच काय!

त्या दिवसापासून मी तिला बटणावरून बोलणं बंद केलं. रोज दुपारी पान उघडायचं, आकडा बघायचा, डायरीत लिहायचा. तास-दीड तासाच्या आसपास असला की जीव खाली. अव्वाला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मुद्दाम बटण दाबायचं सोडलं असतं, मी ओळखतो तिला.

मार्चमध्ये माझा मेव्हणा सतीश घरी आला होता. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या सुरक्षेचंच काम करतो. मी मोठ्या अभिमानानं त्याला मोबाइलवर हे पान दाखवलं. त्यानं कपाळाला हात लावला.

"दाजी, पासवर्ड काय ठेवलाय?"

"कंपनीनं दिलेलाच आहे. अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन."

"म्हणजे तुम्ही घराला कुलूप लावलंय आणि किल्ली कुलपालाच लटकवून ठेवलीय. लॉग बघितलाय कधी?"

लॉग म्हणजे राउटरनं स्वतः लिहिलेली नोंदवही. त्यानं ती उघडून दाखवली. आदल्या एका दिवसात, कुठल्या कुठल्या अनोळखी पत्त्यांवरून, आत शिरायचे एकशे त्र्याऐंशी प्रयत्न. मी मोजले. माझी आई दोन खोल्यांत कुरडयांचा विचार करत बसलेली, आणि दाराशी एकशे त्र्याऐंशी माणसं कडी हलवून गेलेली.

सतीशनं काय काय करायचं ते लिहून दिलं. सगळ्यात चांगला उपाय व्हीपीएन, म्हणजे आपल्यापुरता बंदिस्त रस्ता, पण तो आमच्या साध्या राउटरमध्ये नव्हता. मग उरलेले उपाय. रविवारी, २३ तारखेला, मी सोलापूरला गेलो आणि एकेक करत गेलो. राउटरचं सॉफ्टवेअर नवीन केलं — त्यानं जुनं निळं पान जाऊन पांढरं, निराळंच दिसणारं पान आलं. आत जायचं नाव बदललं, सोळा अक्षरांचा पासवर्ड घातला, तो डायरीत लिहिला. पानाचा मार्ग सुरक्षित केला. बाहेरून यायचं दार, म्हणजे पोर्ट, त्याचा नंबर बदलला. आणि शेवटचं, महत्त्वाचं — बाहेरून फक्त एकाच पत्त्याला आत सोडायचं, माझ्या ऑफिसच्या. तो मी शनिवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघून टिपून आणला होता.

मग तपासलं. घरच्या वायफायवरून पान उघडलं — टिक. मोबाइलचं वायफाय बंद करून, बाहेरून आल्यासारखं करून बघितलं. उघडलं नाही, कारण मोबाइल काही ऑफिस नव्हे — टिक. शेजारच्या नरसव्वा मावशी दारात बसून विड्या वळत माझी गंमत बघत होत्या. त्या म्हणाल्या, "दोन तास झाले बघतेय. आईशी दोन शब्द बोल की रे. त्या डबीशीच बोलतोयस."

अव्वा म्हणाली, "त्याला डबीच बरी. डबी उलट बोलत न्हाय."

सोमवारी ऑफिसात नवीन पत्ता टाकला. पान उघडलं नाही. तीनदा बघितलं, नाही. लाइनला काही झालं असेल म्हणून दुपारी अव्वाला फोन केला. ती मजेत होती. टीव्ही चालू होता, म्हणजे नेटही होतं. माझंच काहीतरी चुकलंय, पुढच्या रविवारी बघू, तोवर रोज फोन करू — असं ठरवलं.

मंगळवारी फोन करायचा राहिला.

कारण सांगतो, सबब नाही. मार्च एंड होता. सकाळपासून दोन खात्यांतला फरक शोधत होतो आणि जेवायलाही उठलो नव्हतो. चार वाजता चहा आला. कप हातात घेऊन, दुसऱ्या हातानं, काहीही मनात न आणता मी बुकमार्कवर क्लिक केलं. सवयीनं. नवीन नव्हे, जुन्या बुकमार्कवर.

पान उघडलं.

मी म्हणालो, "अरे, लागलं की." मलकप्पांनी मान वळवून बघितलं. त्यांना माझा हा रोजचा कार्यक्रम माहीत होता. "किती वाजता जेवल्या आज अव्वा?" त्यांनी विचारलं.

मी आकडा वाचला. १ दिवस, ३ तास, २२ मिनिटं.

मी तो डायरीत लिहिला. समोर वेळ लिहिली — ४.१०. लिहून झाल्यावर मग डोक्यात शिरलं. एक दिवस? म्हणजे काल दुपारी बटण दाबलं त्यानंतर आज दाबलंच नाही. दोन वर्षांत असं झालं नव्हतं. नातेवाइकाच्या लग्नाला जायचं असलं तरी ती आधी त्याला बंद करायची.

"विसरल्या असतील," मलकप्पा म्हणाले. पण तेही उठून उभे राहिले होते.

अव्वाला फोन लावला. पूर्ण वाजला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. नरसव्वा मावशींना लावला. त्या सकाळपासून वळलेल्या विड्या कारखान्यात जमा करायला गेल्या होत्या, नुकत्याच परत आल्या होत्या.

"मावशी, अव्वा दिसली का?"

"अंगणात कुरडया वाळत घातल्यात बघ. अर्ध्याच घातल्यात... थांब." चपलांचा आवाज, मग दार वाजवल्याचा. "ओ अक्का! अक्का, दार काढा!" मग माझ्याशी, एकदम हळू आवाजात, "अरे, आतून कडी हाय."

फोन चालूच होता. मावशींनी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मेहबूबभाईंना हाक मारली. त्यांचं सुतारकामाचं दुकान आहे. ते पटाशी घेऊन धावत आले. "अम्मा अंदर हैं क्या? बाजू हो जाओ सब." मला इथं श्रीपूरला बसून लाकूड फुटल्याचा आवाज ऐकू आला. तो आवाज मी विसरणार नाही.

अव्वा स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. सकाळी साखरेची गोळी घेतली, आणि ऊन चढायच्या आत कुरडया उरकाव्यात म्हणून न खाताच चीक शिजवायला बसली. अर्ध्या घालून झाल्यावर चक्कर यायला लागली म्हणून आत आली आणि सवयीनं कडी लावली. गॅस तिनंच बंद केला होता, तेवढी शुद्ध होती. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तातली साखर एक्केचाळीस. डॉक्टर मला संध्याकाळी म्हणाले, "वेळेवर आणलंत. आणखी लांबलं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो."

मी पावणेआठला पोचलो. अव्वाच्या हाताला सलाइन. मला बघून डोळे उघडले आणि म्हणाली, "कुरडया गोळा केल्या का कुणी? दव पडतंय बग."

मावशींनी गोळा केल्या होत्या. तिला तसं सांगितलं, मग तिनं डोळे मिटले.

इथपर्यंत काही अमानवीय नाही, हे मला माहीत आहे. म्हातारी बटण दाबायला विसरली नाही, पडली होती म्हणून दाबू शकली नाही, आणि मुलाला ते यंत्रातून कळलं. बुधवारी सकाळपर्यंत मलाही एवढंच वाटत होतं.

बुधवारी अव्वाचे कपडे न्यायला घरी आलो. मोडलेलं दार नुसतं लोटलेलं होतं. साडेअकरा वाजले होते. राउटर तसाच चालू. सोमवारी पान का उघडलं नाही आणि मंगळवारी का उघडलं, हे बघावं म्हणून मी घरच्या वायफायवरून आत गेलो.

पांढरं पान आलं. आणि मी तिथंच थबकलो... कारण आदल्या दिवशी ऑफिसात मी जे बघितलं होतं ते निळं होतं. जुनं. रविवारी मी स्वतः काढून टाकलेलं.

सतीशला फोन लावला.

"सोपं आहे दाजी," तो म्हणाला. "कॉम्प्युटर कधीकधी साठवून ठेवलेलं जुनंच पान दाखवतो. ते तुम्ही बघितलं."

"मग आकडा जुना यायला पाहिजे ना?"

"हो."

"आता या क्षणी इथं आकडा आहे एक दिवस, बावीस तास, बेचाळीस मिनिटं. काल चार दहाला मी लिहिलाय एक दिवस, तीन तास, बावीस मिनिटं. मध्ये गेले एकोणीस तास वीस मिनिटं. करून बघ वजाबाकी."

तो आकडे टाकून बघायला लागला. बोटं चालल्याचा आवाज येत होता. एका मिनिटाचाही फरक नव्हता. मी चार वेळा केली होती.

"बाहेरचा कुठला पत्ता चालेल म्हणून टाकलाय ते वाचा," तो म्हणाला. मी वाचला. एकशे ब्याण्णवपासून सुरू होणारा.

"दाजी... हा ऑफिसच्या आतला नंबर आहे. तुमच्या क्वार्टरच्या नंबरासारखा. पाकिटावर नुसतं 'खोली नंबर सात' लिहिलं तर गावाबाहेरून पत्र येईल का? बाहेर दिसणारा पत्ता वेगळा असतो. तुम्ही टाकलेल्या या पत्त्यावरून बाहेरून कुणीही येऊ शकत नाही. तुम्हीसुद्धा नाही. रविवारपासून तुमचं दार सगळ्या जगाला बंद आहे."

"पण मी आलो."

"जुना बुकमार्क म्हणजे जुना पोर्ट. तो तर आता अस्तित्वातच नाही. लॉगमध्ये काल चार दहाला काय आहे?"

मी नोंदवही उघडली. रविवारचा माझा स्वतःचा प्रवेश होता. त्यानंतर थेट बुधवार, साडेअकरा. मध्ये आत आल्याची एकही नोंद नाही. सोमवार कोरा, मंगळवार कोरा.

"पासवर्ड टाकला होता का काल?" सतीशनं विचारलं.

तेव्हा मला आठवलं, आणि मी अप्पांच्या खुर्चीत खाली बसलो. पासवर्ड विचारलाच नव्हता. सोळा अक्षरं मला पाठ नव्हती, कॉम्प्युटरमध्येही जपून ठेवली नव्हती, आणि डायरीचं ते पान मंगळवारी मी उघडलं नव्हतं. माझ्या एका हातात कप होता.

"वेळ लिहिताना चुकला असाल," तो म्हणाला.

"सतीश, मी वेळ लिहिताना चुकत नाही."

"माहीत आहे दाजी," तो म्हणाला. "म्हणूनच मला भीती वाटतेय."

श्रीपूरला परतल्यावर पहिल्यांदा मलकप्पांना विचारलं. काही सुचवलं नाही, फक्त विचारलं, की त्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवर तुम्हाला काय दिसलं. ते म्हणाले, "तुमचं ते निळं पान की. रोजचंच. का?" मग मी तिथंच त्यांच्यासमोर जुना बुकमार्क दाबून बघितला. पान उघडता येत नाही, असं आलं. त्यानंतर आजपर्यंत कितीतरी वेळा दाबला. तेच येतं. कॉम्प्युटर बघणाऱ्या आणखी दोन माणसांना दाखवलं. दोघांनीही सतीशसारखाच आधी जुन्या पानाचा खुलासा दिला, आणि वजाबाकी बघितल्यावर चहा मागवला.

मी माझ्या बाजूनं होईल तेवढं तपासलं. मनात असलेला आकडा मी लिहिला म्हणावं, तर सोमवारी अव्वानं किती वाजता बटण दाबलं हे मला माहीत नव्हतं. ते बारा अठ्ठेचाळीसला दाबलं, हे मला त्या पानावरून कळलं. अंदाजानं मिनिट बरोबर येत नाही. माझ्याकडं याचा खुलासा नाही. कुणाकडं असेल तर सांगा, मी खरंच ऐकून घेईन. पण 'योगायोग' एवढंच लिहू नका... योगायोगालाही कुठूनतरी आत यावं लागतं, आणि दार बंद होतं.

अव्वाला सगळं सांगितलं ते ती घरी आल्यावर, रविवारी. मला वाटलं होतं ती अप्पांचं नाव घेईल, देवाचं तरी घेईल. तिनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं.

"म्हंजे दोन वर्सं तू रोज बगत होतास, मी कवा जेवते ते?"

"हो."

"अन् मला सांगितलं न्हाईस. कॅमेरा बरा की रं ह्याच्यापेक्षा! त्याच्यावर टावेल तरी टाकता येतो."

"अव्वा, ते पान उघडलंच कसं याचं तुला काही वाटत नाही?"

"नेट हाय ते. कवा लागतंय, कवा न्हाय. त्यात काय इचार करायचा?" मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "तू मातर बगितलंस. त्ये बरं केलंस."

खरा प्रश्न पुढचा होता. मी बायकोशी बोलून आलो होतो. अव्वाला श्रीपूरला न्यायचं, घर भाड्यानं द्यायचं. मी बोललो. ती कुरडया डब्यात भरत होती, भरतच राहिली.

"तितं काय करू मी? तुझ्या कारखान्याचा भोंगा ऐकत बसू?"

"इथं एकटी पडलीस तर?"

"पडले न्हवं? उटले बी."

"दार फोडावं लागलं, अव्वा."

"मग दाराचं बग की. माझं काय बगतोस? बिगाड दारात हाय." चोवीस मागांच्या जॉबरची बायको ती. दुरुस्ती कुठं करायची हे मला तिनं सांगितलं. नरसव्वा मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या, त्या हसायला लागल्या, आणि मलाही हसू आवरलं नाही.

मग दोघांनी मिळून ठरवलं. गोळीच्या आधी खाणं, याच्यावर मावशींची नजर. दाराला आतून कडी बंद, त्याऐवजी बाहेरूनही किल्लीनं उघडणारं लॅच. राउटरचं बाहेरचं दार मी कायमचं बंद करून टाकायचं, आणि दुपारी बटण दाबून पुन्हा चालू केलं की अव्वानं मला मिस्ड कॉल द्यायचा. "तू बगायचं न्हाई," ती म्हणाली. "मी सांगणार." तिथंच तिच्यासमोर मी ते सेटिंग बंद केलं. केबलवाल्याला फोन करून दोनशे रुपयांचा पत्ताही काढून टाकला.

मेहबूबभाई दुपारी आले. फुटलेल्या चौकटीला नवीन लाकडाचा तुकडा बसवला, लॅच लावलं, चारपाचदा उघडझाप करून दाखवली. तीन किल्ल्या निघाल्या — एक अव्वाची, एक मावशींची, एक माझी. मी पाकीट काढलं.

"लॅच के नौ सौ चालीस," ते म्हणाले.

"आणि मजुरी, लाकूड?"

"अपने हाथ से तोड्या सो दरवाजा है भाई. उसकी मजुरी कैसी लेऊँ?"

मी हजार रुपये पुढं केले. अव्वानं माझा हात बाजूला सारला. आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि बटवा घेऊन बाहेर आली. "घर माझं हाय," ती म्हणाली. पाचशेची एक, शंभराच्या चार आणि वीसच्या दोन नोटा तिनं मेहबूबभाईंच्या हातावर ठेवल्या. त्यांनी न मोजताच खिशात घातल्या. मी मोजल्या होत्या. नऊशे चाळीस.